काठावर टाकलेली मुळं

सोमवार, २० मे

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पगारी नोकरी लागली, म्हणून ही वही. कार्यालयाने एक नोंदवही दिली आहे, ती वेगळी. तिच्यात चराचा नंबर, काढलेला गाळ आणि पाण्याची पातळी एवढंच लिहायचं असतं. उरलेलं लिहायला ही.

पद आहे चरांच्या मुकादमाचं. या सखल भागात अकरा चर आहेत, शेतातलं जादा पाणी नदीपर्यंत नेणारे. त्यांत गाळ आणि गवत साचू द्यायचं नाही, हे काम. सहा महिने कच्ची नोकरी, मग काम बघून कायम करणार.

ताईने कार्यालयातल्या साहेबांकडे शब्द टाकला म्हणून हे जमलं. माझ्या कर्तृत्वावर कुणी मला डबक्यावरसुद्धा नेमलं नसतं. आधी सायकलदुरुस्तीचं दुकान घातलं, मग एका छापखान्यात भागी केली, मग दारोदार चष्म्याच्या फ्रेमा विकल्या. तिन्ही वेळा गाशा गुंडाळून परत आलो. तिन्ही वेळा ताईने दार उघडलं आणि मागच्या खोलीची किल्ली हातावर ठेवली, एक अक्षर न बोलता. ताईचं न बोलणं बोलण्यापेक्षा जड असतं.

घरात ताई, भाचा, सूनबाई आणि मागच्या खोलीत मी. भाचा कारखान्यात पाळीवर जातो. सूनबाईला या घरात येऊन वर्ष झालं. चार गायी आहेत, त्या आता तीच बघते. माणसांशी कमी बोलते, गायींशी मात्र तासन्‌तास. मी चिडवतो, ‘आमच्याशीही बोल कधी, आम्हीही शिंगं मारत नाही.’ तेव्हा हसते आणि परत गोठ्यात जाते.

बुधवार, २२ मे

दोन दिवस जुन्या मुकादमांबरोबर पायपीट. सगळे त्यांना काका म्हणतात. एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेत, आणि एकतीस वर्षांचं सगळं त्यांना दोन दिवसांत माझ्या डोक्यात ओतायचं होतं. पाणी अडवणारी कुठली फळी कधी उचलायची, कुठल्या वळणावर गाळ धरतो, कुठल्या शेतकऱ्याशी गोड बोलायचं.

सात नंबरच्या चराच्या काठावर तर वीस मिनिटं उभं केलं. तिथे पाण्यात कमरेएवढी झाडं आहेत. पानं कोथिंबिरीसारखी, आणि वर पांढऱ्या बारीक फुलांच्या छत्र्या. दिसायला देखणं प्रकरण. काका त्याच्या मुळांविषयी काहीतरी सांगत होते, हातवारे करून. मला नवे गमबूट चावत होते, शिवाय भाच्याने फोनवर कसली तरी गंमत पाठवली होती. ती बघत मी मान हलवत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, “लक्षात राहील ना?” मी म्हटलं, “तर!”

कार्यालयात येऊन ताबा घेतल्याच्या कागदावर सही केली. मागे अठरा सूचना टाइप केलेल्या होत्या. सावकाश वाचू म्हणून घडी घालून पॅन्टच्या खिशात ठेवला.

शनिवार, २५ मे

पॅन्ट धुतली गेली. कागदाचा लगदा झाला. असो, काम करता करता येतं.

सोमवार, ३ जून

साहेब बारा तारखेला पाहणीला येणार. दहा चर झाले, सात नंबर राहिला. जुने मुकादम तो हाताने करून घ्यायचे. चार माणसं पाण्यात उभी राहून विळ्याने गवत वरच्यावर कापणार, नऊ दिवस. नऊ दिवस कुठून आणू? मशीन लावलं तर दीड दिवसात तळापासून साफ.

मशीनवाला म्हणाला, “सात नंबरला मशीन कधी लावलेलं नाही. काकांना एकदा विचारून घ्या.”

मी म्हटलं, “काकांनाच विचारायचं तर काका निवृत्त कशाला झाले?” मशीनवाला हसला. मला बरं वाटलं. लोक माझ्या बोलण्यावर हसले की मला मी मुकादम असल्यासारखं वाटतं.

बुधवार, ५ जून

सात नंबर झाला. आरशासारखा. पाणी असं सुटलं की बघत राहावं.

गाळ, गवत आणि ती पांढऱ्या छत्र्यांची झाडं मुळांसकट वर आली आणि काठावर ओळीने पडली. मुळं मजेशीर आहेत, जाडजूड, बोटांच्या जुडग्यासारखी. मशीनच्या दातांनी जिथे कापली गेली तिथून पिवळा रस येतो. त्यांना बाजूला सारताना माझे हातमोजे पिवळेजर्द झाले. वास गाजरासारखा, भूक लागावी असा.

संध्याकाळी सूनबाई गायी घेऊन परत जाताना थांबली. पायाने एक मूळ उलटवून म्हणाली, “मामा, हे काय आहे? गाजराच्या जातीतलं दिसतंय. गायींना चालेल का?”

मी म्हटलं, “चालेल की. उद्या इथेच सोड त्यांना, माझा काठ आयता साफ होईल.”

घरी येऊन ताईला सांगितलं, दीड दिवसात झालं. ताईने ताटात न मागता जास्तीचं वाढलं. माझ्या बाबतीत तिला अभिमान वाटावा असं बऱ्याच वर्षांत काही घडलं नव्हतं.

गुरुवार, ६ जून

दोन गायी गेल्या. लाल आणि थोरली. थोरली गाभण होती. दुपारी चरून आल्या आणि तासाभरात खेळ आटोपला. जास्त लिहवत नाही.

शुक्रवार, ७ जून

लिहून टाकतो, नाहीतर डोळ्यांसमोरून हलणार नाही. आधी लाल थरथरली, मग दात खाऊ लागली, मग पडून पाय झाडायला लागली. तोंडाला फेस. सूनबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिला सोडायला तयार नव्हती. तेवढ्यात थोरली पडली. मी दोरी धरून उभा होतो. कशासाठी धरली होती ते माहीत नाही.

जनावरांचे डॉक्टर आले तोवर दोघी संपल्या होत्या. म्हणाले, विषबाधा दिसते, खाण्यातून. पोटातलं थोडं तपासायला पाठवतो. मग विचारलं, काय काय खाल्लं? सूनबाई म्हणाली, सकाळी भुशाचं आंबोण दिलं, मग चरायला नेलं. कुठे, तर चराच्या काठी. ताई म्हणाली, तिथे ती रोजच नेते. काठावर काय असणार, गवत.

डॉक्टर गेल्यावर ताई भुशाच्या पिंपापाशी गेली. पिंप तळाला आलेलं होतं आणि तळाला बुरशी होती. “हे घातलंस?”

“वरचं घातलं, आई. तळाचं नाही. आणि आंबोण चौघींनीही खाल्लं. ठिपकीला तर काही झालं नाही.”

ठिपकी पाय दुखावल्याने गोठ्यातच होती. म्हातारी गाय बाहेर गेली होती, पण उतारावरून खाली उतरत नाही ती, रस्त्यावरच चरते.

“मला शिकवू नकोस,” ताई म्हणाली. “पाच वर्षं मी याच पिंपातलं घातलं. माझ्या हातून एक गाय गेली नाही.”

भाचा खाली मान घालून बसला होता. सूनबाईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी कपातल्या चहाकडे बघत होतो. चहा केव्हाच संपला होता.

रविवार, ९ जून

आज सुट्टी असून सात नंबरवर गेलो. कशाला गेलो, ते मला जाताना माहीत होतं.

उतारावर खुरांचे ठसे होते. ढिगातली मुळं दोन ठिकाणी उपसलेली, आणि तीन-चार मुळांवर चावल्याच्या खुणा. गायीचे खालचे दात कसे लागतात ते मी लहानपणापासून बघतोय. एक मूळ अर्धं खाऊन टाकलेलं होतं. त्याच्या कापाला तोच पिवळा रस, आता वाळून तपकिरी झालेला.

तिथेच खाली बसलो. मग ही वही आठवली. घरी येऊन मागची पानं उलटली. बावीस मेला वीस मिनिटं काका काय सांगत होते, ते मी लिहिलेलं नाही. फोन बघत होतो ते लिहिलंय. पाच जूनला सूनबाईने काय विचारलं ते लिहिलंय, आणि मी काय उत्तर दिलं तेही. माझ्याच अक्षरात. मी ते वाक्य हाताने झाकून बाकीचं पान वाचलं. माणूस एकटा असतानाही किती भित्रा असू शकतो, ते आज कळलं.

मग फावडं घेऊन परत गेलो आणि सगळी मुळं पुरली. दोन खड्डे, खोल. पाठ धरली. पुरताना स्वतःला समजावत होतो की बाकी कुणाची जनावरं खाऊ नयेत म्हणून पुरतोय. ते खरं आहे. पण त्यासाठी चारी बाजूंना बघत बघत पुरायची गरज नव्हती.

सांगायला हवं. पाहणी होऊ दे, मग सांगतो.

मंगळवार, ११ जून

कामावरून आलो तर फाटकापाशी डॉक्टरांची स्कूटर. मी येताच ते निघाले. माझ्याकडे बघून काही बोलतील असं वाटलं, पण नुसती मान हलवली. ताई म्हणाली, ठिपकीचा पाय बघायला आले होते.

ताईने अंगणात पालापाचोळा पेटवला होता. त्यात माझे पिवळे हातमोजे जळत होते. “वास मारत होते,” म्हणाली, आणि नवी जोडी हातात दिली. “उद्या साहेब येणार ना, नीट दिसायला हवं.” एवढ्या दुःखातही तिला माझ्या हातमोज्यांची आठवण राहावी, याचं भरून आलं. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं, आणि मी तिच्याच गोठ्यातल्या दोन गायी खाल्ल्या.

दोन दिवस झाले, सूनबाई जेवताना आमच्यात बसत नाही. नंतर एकटी जेवते.

बुधवार, १२ जून

पाहणी झाली. साहेब सात नंबरच्या काठावर उभे राहून म्हणाले, “नवा माणूस जोरात आहे. असंच चालू ठेवा, कायम करायला अडचण नाही.” बरोबरच्या माणसाला फोटो काढायला सांगितला. मी ज्या जागी उभा होतो, तिच्या बरोबर खाली पहिला खड्डा आहे. फोटोत मी हसतोय.

आज सांगणार होतो. पण आजच कसं सांगायचं?

शनिवार, १५ जून

सूनबाई माहेरी गेली. भाचा म्हणतो, थोडे दिवस, मन रमेल तिचं. ताई काहीच म्हणत नाही, पण काल शेजारच्या बाई आल्या तेव्हा तिने पिंपाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, बुरशीचा रंगसुद्धा. गरज नसताना. ताई अशी कधी नव्हती. दुसऱ्याच्या मुलीचा चारचौघांत पाणउतारा करणारी बाई ती नव्हे.

निघताना सूनबाई माझ्या खोलीच्या दारात आली. मला वाटलं, आता बोलणार. तिने एक कागद पुढे केला. “मामा, ठिपकीचं दूध तुम्हाला काढावं लागेल, आईंची कंबर दुखते. डावीकडून बसा. उजवीकडून बसलं की लाथ मारते. सगळं लिहिलंय.”

मी म्हटलं, “बरं.” भाच्याने बॅग उचलली. ती गोठ्याकडे न बघता फाटकाबाहेर गेली.

बरं. सत्तेचाळीस वर्षांत मला मराठीतले जे सगळे शब्द येतात, त्यातून मी हा निवडला.

सोमवार, १७ जून

ठिपकीचं दूध काढलं. डावीकडून बसलो. तरी लाथ मारली.

बुधवार, १९ जून

तपासणीचा कागद आला. पाकीट मी हातात घेणार, तोच ताईने घेतलं, आत जाऊन वाचलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. “काही निघालं नाही,” म्हणाली. “नक्की कशाने ते सांगता येत नाही म्हणतात.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. लाज वाटते लिहायला, पण उतरला. वाटलं, तपासणाऱ्यांनाच जिथे सापडलं नाही, तिथे मी कोण खात्रीने सांगणारा? कदाचित बुरशीच असेल. संध्याकाळपर्यंत मी स्वतःला जवळजवळ पटवलं होतं. मग गोठ्यात गेलो. ठिपकी समोर उभी होती, त्याच पिंपातलं आंबोण खाऊन टुणटुणीत.

शनिवार, २२ जून

जुन्या मुकादमांकडे गेलो. ठरवून गेलो होतो की सगळं असंच, सहज विचारतोय असं दाखवायचं. काका ओट्यावर विळे घासत बसले होते. निवृत्त झाले तरी विळे घासतात.

मी म्हटलं, “काका, ती सात नंबरची पांढरी फुलं…”

त्यांनी वर न बघता विचारलं, “मशीन लावलंस ना?”

हो म्हटलं.

“पानं खाल्ली तर जनावर एखादवेळेस वाचतं. मुळं खाल्ली तर नाही. पाण्यात असतात तोवर त्यांना कुणाचा हात लागत नाही, म्हणून तर आम्ही वरून कापायचो. चुकून वर आलंच एखादं, तर ते बादलीत घालून न्यायचं आणि खोल पुरायचं. गुराख्यांना घरोघर जाऊन सांगायचं. हे सगळं तुला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं, काका.”

“फोनमध्ये बघत होतास तू. मला दिसत होतं. मीही दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. पण मला राग आला होता तुझा.” त्यांनी विळा बाजूला ठेवला. मग म्हणाले, “डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय. दहा-बारा दिवसांपूर्वी विचारायला आले होते. इथून थेट तुझ्या बहिणीकडे निघाले. त्या बोलल्या नाहीत तुला?”

घरी चालत आलो. वाटेत एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. स्कूटर. हातमोजे. शेजारच्या बाईंना सांगितलेली पिंपाची गोष्ट. कुलूप. मी या सगळ्याला माया म्हणत होतो. माया होतीच, त्याचीच तर भीती वाटते.

रविवार, २३ जून

भाचा पाळीवर गेल्यावर ताईला म्हटलं, “कपाटातला कागद दाखव.”

ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. “तुला कुणी सांगितलं?”

“काकांनी.”

“म्हातारा निवृत्त झाला, जीभ काही निवृत्त झाली नाही.” मग तिने हात पुसले. “हे बघ. तू दुकान घातलंस, मी उभी राहिले. छापखाना झाला, चष्मे झाले. आता कुठे तुझं बूड एका जागी टेकतंय. दोन गायी गेल्या, त्या काही परत येत नाहीत. आता तुझी नोकरीही घालवायची?”

“आणि सूनबाई?”

“तिचं काय? महिनाभर रुसेल, मग येईल. तिला नवरा आहे, घर आहे, सगळं आयुष्य आहे. तुला कोण आहे माझ्याशिवाय?”

मी म्हटलं, “ताई, तिने मला विचारलं होतं. गायींना चालेल का म्हणून. मी चालेल म्हटलं.”

हे तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा बघितला आणि माझी नजर खाली गेली. मग भाजीचं ताट पुढे ओढून म्हणाली, “तरी ती बोलली नाही. मग तूही बोलू नकोस.”

खरं ते लिहितो. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मोठ्या बहिणीने सांगितलं, आता माझ्याकडे निर्णय नाही, अशी लहानपणची ती सुटका. पाच मिनिटं मी त्या सुटकेत सुखाने बसून होतो. त्या पाच मिनिटांची मला गायींपेक्षाही जास्त लाज वाटते. गायी गेल्या त्या माझ्या बेफिकिरीने. ही पाच मिनिटं मी पूर्ण शुद्धीत होतो.

गुरुवार, २७ जून

रजा टाकली आणि बसने सूनबाईच्या माहेरी गेलो. दोन तासांचा रस्ता. काय बोलायचं ते खिडकीशी बसून पाठ केलं. उतरेपर्यंत सगळं विसरलो.

दार तिच्या आईने उघडलं. मला बघून बाई गडबडल्या. बसा म्हणाल्या, पंखा लावला, पाणी आणलं. मग समोर उभ्या राहून हात जोडले. “आमच्या मुलीच्या हातून मोठी चूक झाली. मी तिला लहानपणापासून सांगत आलेय की काम करताना लक्ष देत जा. ताईंना सांगा, मनात ठेवू नका. तुम्ही मोठे आहात, तुम्ही स्वतः आलात…”

हातातला पेला खाली ठेवता येईना. ती बाई माझी माफी मागत होती. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतका खाली कधी आलो नव्हतो. चष्मे विकताना लोकांनी दारं लावून घेतली, तेव्हाही नाही.

सूनबाई आतल्या दारात उभी होती. हातात अर्धवट घडी घातलेली चादर.

मी उभा राहिलो. पाठ केलेलं काही आठवेना, म्हणून जसं सुचलं तसं सांगितलं. की गायी माझ्यामुळे मेल्या. ती मुळं विषारी होती, मी काठावर टाकली. मला त्याबद्दल सांगितलेलं होतं, मी ऐकलं नव्हतं. पुरून टाकली. तपासणीत तेच निघालं, तो कागद आमच्या घरात कुलपात आहे. आणि तू मला विचारलं होतंस, गायींना चालेल का. मी चालेल म्हटलं होतं.

तिच्या आई खुर्चीवर बसल्या. सूनबाईने चादरीची उरलेली घडी घातली. कोपरे जुळवून, नीट. मग विचारलं, “मामा, म्हणजे मी खरंच विचारलं होतं?”

मला कळलं नाही. म्हटलं, “हो. पाच तारखेला, संध्याकाळी. पायाने एक मूळ उलटवलंस आणि विचारलंस.”

“मला वाटलं, मी नीट विचारलं नसेल,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत ना सगळ्यांसमोर. मी म्हटलं, मामा आहेत, असतं तर बोलले असते. मग मला वाटायला लागलं की मी मनातल्या मनातच विचारलं असेल. नंतर तर वाटलं, तळाचा भुसाही घातला असेल मीच. रोज आठवून बघायचे. रोज वेगळंच आठवायचं.”

तिचा आवाज चढला नाही. रडलीही नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान पाणी तरी देता आलं असतं.

“आईला मीच सांगितलं, माझ्या हातून झालं म्हणून,” ती म्हणाली. “मी खोटं नव्हते सांगत, आई. मला तसंच वाटत होतं.”

मी तीन आठवडे समजत होतो की मी तिचं नाव खराब केलंय, तिची घरातली जागा हिरावलीय. मी तिची आठवणसुद्धा काढून घेतली होती.

मी विचारलं, घरी येशील का? ती म्हणाली, “ते नंतर बघू. आधी तुम्ही हे तिथे बोला, जिथे त्या दिवशी सगळे बसले होते. तिथेच. मी नसताना बोललात तरी चालेल.” मग चादर ठेवायला आत गेली. दारातून मागे वळून विचारलं, “ठिपकीला डावीकडूनच बसता ना?”

“हो,” म्हटलं. “तरी मारते.”

“आधी तिच्या मानेवर हात ठेवायचा. ते लिहायचं राहिलं माझ्याकडून.” आणि लगेच तिचा चेहरा पडला, जणू हीही तिची चूक.

रविवार, ३० जून

शुक्रवारी घरी सांगितलं. तीच खोली, तेच कप. भाच्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग बूट घातले आणि बसथांब्याकडे गेला. मामा असं म्हणालासुद्धा नाही. काल संध्याकाळी परत आला, एकटा. म्हणाला, ती विचार करतेय. आईला म्हणाला, कपाटाची किल्ली दे. ताईने दिली.

ताई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण आधी जसं वाढायची तसं नाही. मागच्या खोलीची किल्ली मी टेबलावर ठेवली होती, ती तिथेच आहे. तिने उचललीही नाही आणि परतही दिली नाही. मी तिच्यावर रागवू शकत नाही. तिने जे केलं ते माझ्यासाठी केलं, आणि मी तसाच माणूस आहे असं समजून केलं. तिचा अंदाज तीन आठवडे बरोबर होता.

साहेबांना पत्र दिलं. उद्या बोलावलंय. नोकरी राहील असं वाटत नाही.

म्हणून आज सुट्टी असून कार्यालय उघडून घेतलं आणि ती दुसरी नोंदवही काढली. जो कुणी नवा मुकादम येईल तो पाच जूनच्या पानावर येईलच. तिथे मी त्या दिवशी ‘सात नंबर पूर्ण, पाणी उत्तम’ असं लिहिलं होतं. त्याच्याखाली जागा होती. लिहिलं:

‘सात नंबरला मशीन लावू नये. पांढऱ्या फुलांच्या झाडाची मुळं विषारी आहेत. ती मी काठावर टाकली. त्यामुळे दोन गायी मेल्या, एक गाभण होती. गायी नेणाऱ्या मुलीची काही चूक नव्हती. तिने आधी विचारलं होतं. मूळ वर आलं तर बादलीत घालून खोल पुरावं. पुरलेल्या जागा दोन आहेत, खांब ठोकले आहेत. गुराख्यांना घरोघर जाऊन सांगावं. कुणी विचारलं, हे गायींना चालेल का, तर नाही म्हणावं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं.’

मग घरी येऊन ठिपकीचं दूध काढलं. आधी मानेवर हात ठेवला. तिने लाथ मारली नाही.